आग विझली, पण काजळी घरातच आहे

आज संध्याकाळी डिचोलीच्या बाजारातून परतताना शेजारच्या वाड्यावर थांबले, तेव्हापासून डोकं तापलंय. गेल्या आठवड्यात तिथल्या एका घरात शॉर्टसर्किटनं आग लागली. आतली खोली गेली, माणसं वाचली, देवाची कृपा. पण आज बघते तर वहिनी तोंडाला काही न बांधता केरसुणीनं भिंतीवरची काजळी झाडतायत, वर पंखा फिरतोय आणि दारात धाकटा पोर बिस्किट खात बसलाय. म्हटलं, वहिनी, मास्क तरी लावा. तर म्हणाल्या, "आग विझली ना गे, आता मास्क कशाला? गणपतीची चवथ तोंडावर आलीय, सोमवारी पेंटर यायचाय."

साखळी गावात मावशीच्या घरी आम्हीही असंच म्हणत होतो.

मावशीकडे फ्रिजमागची वायर पेटली होती. स्वयंपाकघर, पीव्हीसी प्लास्टिकचं सीलिंग, बाजूच्या खोलीतली फोमची गादी, सगळं जळालं. तिसऱ्या दिवशी आम्ही बहिणी पदर खोचून साफसफाईला हजर. हातात कोरडे झाडू. देवघर दोन खोल्या लांब, तिथे आग पोचलीच नव्हती. तरी चार दिवसांत पितळेची समई हिरवी पडली. मावशीनं ती सोलांनी घासली, पुसली, दोन दिवसांनी परत हिरवी.

कारण पुढे कळलं. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आपल्या दमट हवेत त्याचं आम्ल होतं, आणि ते काजळीबरोबर घरभर बसतं. पितळेला जे सोसलं नाही ते मावशीच्या छातीला कसं सोसणार होतं?

काजळीचे हे कण २.५ मायक्रॉनहूनही बारीक असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. ते नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. कोरडा झाडू मारला, पंखा लावला की खाली बसलेले पुन्हा हवेत. धुराडी साफ करणाऱ्यांना काजळीनं कॅन्सर होतो हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जननं १७७५ साली लिहून ठेवलंय. अडीचशे वर्षं झाली त्याला! आणि आपण पोराला दारात बसवतो!

आता कुणीतरी म्हणेलच, आमच्या आज्यांनी जन्मभर चुलीचा धूर खाल्ला. खाल्ला, मान्य. पण आजी रात्रभर खोकायची तेही आठवा. आणि चुलीत निदान लाकूड जळायचं. आजच्या घरात फोम, वायर, टीव्ही, लॅमिनेट जळतं.

पेंटरची घाई तर नकोच. मावशीकडे आम्ही काजळीवरच डिस्टेंपर मारला. पहिल्याच पावसात पिवळे डाग फुटले, जळका वास परत आला. मावशीचा खोकला तर गेलाच नव्हता. आज तिच्या उशाशी इनहेलर असतो.

साफ करताना एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. खिडक्या उघड्या, पंखा आणि एसी बंद. हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक कण अडवणारा व्हॅक्युम कुणाकडे मिळाला तर आधी तो फिरवा, मग साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, छतापासून खाली, पाणी सारखं बदलत. धूर लागलेल्या गाद्या-उशा, उघडं धान्य, पीठ, मसाले, आगीची धग लागलेली औषधं, सगळं टाकून द्या. जीव तुटतो, तरी टाका. पोरं, म्हातारी माणसं, गरोदर बायका, दमेकरी तोवर त्या घरात नकोत.

यातल्या निम्म्या गोष्टींना पैसे लागतात, हेही खरं.

लिहिता लिहिता राग उतरला. भर वाड्यावर मी वहिनींवर ओरडले, ते करायला नको होतं. काळ्या भिंतीखाली गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची, हे कुठल्या बाईला बघवेल? आठ दिवसांत ती धड झोपली तरी असेल का?

उद्या सकाळी नऊला मी तिथे जातेय. मास्क घेतलेत, पोर चार दिवस आमच्याकडे राहील. पेंटरला चवथीनंतर ये म्हणून मीच सांगते. डिचोलीत कुणाकडे जादा गादी असेल तर रात्रीच फोन करा. मावशीही येते म्हणत होती, फडकी घेऊन. तिला मी नको म्हटलंय.