तू भांडी घास, माझा परकर वाळतो

इंग्लंडात शेजाऱ्यांशी बोलणं हवापाण्याच्या पुढे सरकवायचं असेल तर घरातलं गरम पाणी जावं लागतं. 'आज गारठा आहे, नाही?' एवढ्यावर अख्खं वर्ष काढणारे आमच्या पलीकडचे निवृत्त आजोबा 'बॉयलर' हा शब्द कानावर पडताच कुंपणाशी येऊन उभे राहिले. डोळ्यांत चमक. म्हणाले, "प्रेशर किती दाखवतोय?"

प्रेशर उत्तम होतं. काटा 1 ते 1.5 बारच्या मध्ये, पुस्तकात लिहिलंय तिथेच. दिवा हिरवा. पडद्यावर कुठला आकडा लुकलुकत नव्हता. बॉयलरच्या स्वतःच्या मते त्याची प्रकृती ठणठणीत होती. फक्त नळाला येत होतं ते असं पाणी, की हात धुतल्यावर बोटं आपलीच आहेत का हे मोजून बघावं.

आमचं घर लंडनमधल्या हॅरोत. बॉयलर काँबी जातीचा, म्हणजे नळाचं गरम पाणी आणि खोल्यांची ऊब दोन्ही एकट्याने सांभाळणारा, स्वयंपाकघरातल्या कपाटात मसाल्याच्या डब्यांशेजारी टांगलेला. काटा बघायचा तर आधी हिंगाची डबी उचलावी लागते. काँबीला टाकी नसते, साठा नसतो. नळ सोडला की आतली बारकी चक्री फिरते, कुणीतरी पाणी मागतंय हे तिला कळतं, गॅस पेटतो आणि पाणी जाता जाता तापतं. साधा 24 किलोवॅटचा काँबीसुद्धा मिनिटाला 10 लिटर पाणी 35 अंशांनी वर नेतो. कराडच्या घरी आमचा गीझर 2 किलोवॅटचा. म्हणजे इथे कपाटात बारा गीझर लटकलेत आणि आंघोळीची मात्र मारामार.

त्यात दिवाळी. आई कराडहून आलेली, उटणं आणि मोती साबण सामानात सगळ्यांत वर ठेवून. कारीट हॅरोत मिळत नाही म्हणून पायाखाली फोडायला चेरी टोमॅटोही आणून झाले होते. नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी आंघोळ केली नाही तर नरकात जावं लागतं, हे तिने नातवाला इतकं रंगवून सांगितलं होतं की तो रोज बॉयलरसमोर उभा राहून हात जोडायचा. या देशाची एक कृपा म्हणजे ऑक्टोबरअखेरीस सूर्यच साडेसहाच्या पुढे उगवतो. पाणी तापवायला तेवढीच सवड.

तापवायचं किटलीत. तीन किटल्या उकळत्या पाण्याची, विसण घालून, एक बादली होते. इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग, त्यामुळे प्रत्येक तांब्या अंगावर घेताना पौंड वाहून जाताना दिसत होते. "बंब बरा होता," आई म्हणाली. "दोन ढलप्या टाकल्या की झालं." हॅरोत ढलप्या कुठून आणायच्या, हे तिला विचारायची सोय नव्हती; बागेच्या कुंपणाकडे तिने एकदा बघितलेलंही मला दिसलं होतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आजोबांनी घराबाहेरची पांढरी नळी दाखवून ती गोठली असेल असं सुचवलं. 2005 नंतर इथे घरोघर बसलेल्या कंडेन्सिंग बॉयलरना अशी पाणी टाकणारी नळी असते, कडाक्याच्या थंडीत ती गोठते आणि बॉयलर बंद पडतो, हे खरं. पण बाहेर 11 अंश होते. आजोबांनी तरी कोमट पाणी ओतून बघ म्हणून सांगितलं. कोमट पाणी असतं तर मी ते नळीवर ओतलं असतं का?

पुण्याच्या चुलतभावाने व्हॉट्सॲपवर फोटो मागवले आणि कळवलं, "झाकण काढ, आतून साफ कर." इथे गॅसचं काम फक्त 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या माणसाने करायचं असा कायदा आहे, हे सांगितल्यावर त्याने विचारलं, "कोण बघायला येणारे?" ऐंशीच्या दशकात इथलं घर सोडून गेलेल्या मावशींचा निरोप आला की पायलट विझला असेल, काडी लावा. आताच्या बॉयलरमध्ये कायमची जळती ज्योत नसतेच, पण मावशींशी वाद घालायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

शेवटी दरमहा हप्ता भरून घेतलेल्या 'कव्हर'ला, म्हणजे बॉयलर-दुरुस्तीच्या विम्याला, फोन केला. बरंच संगीत ऐकून झाल्यावर बाईने विचारलं, "घरात लहान मूल किंवा वयस्कर व्यक्ती आहे का?" मी दोन्ही आहेत म्हटलं. आईने स्पीकरवर तेवढंच पकडलं. "वयस्कर कुणाला म्हणतेय ती?" वयस्कर माणसाचा नंबर आधी लागतो असं समजावल्यावर मात्र तिचा राग पार उतरला आणि त्या क्षणापासून फोन चालू असेतोवर ती खोकत राहिली.

निदान मात्र तिनेच केलं. बिलाच्या धास्तीने मी हीटिंग अजून सुरूच केलं नव्हतं, थर्मोस्टॅट बंद. तरी पॅसेजमधल्या रेडिएटरवर, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी पोटात फिरवून घर उबदार करणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्यावर, आई आपले कपडे टाकायची, जिथे जागा तिथे वाळत घालायचं या न्यायाने. एका दुपारी म्हणाली, "हे कसलं रे यंत्र? तू भांडी घासायला लागलास की माझा परकर वाळतो."

मी नळ सोडला. ती रेडिएटरवर हात ठेवून उभी. "तापला!" नळ बंद. "निवायला लागला." बायको वरून ओरडली, "आई, तुम्ही दोघं काय खेळताय?" पण खेळ नव्हता तो. नळ सोडला की बॉयलर इमानदारीने पेटत होता, आणि तापलेलं पाणी आमच्या घरभर फिरवून आणत होता. काँबीच्या पोटात एक व्हॉल्व्ह असतो, रेल्वेच्या सांधेवाल्यासारखा: नळ उघडला की बॉयलरचं गरम पाणी नळाचं पाणी तापवायच्या रुळावर, नाहीतर रेडिएटरकडे. आमचा सांधेवाला रेडिएटरकडे तोंड करून झोपला होता.

इंजिनिअर आला तो विशीतला पोरगा. आत येताच ओळखपत्र दाखवलं. आईने ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं, आणि योगायोगाने तेच बरोबर होतं, कारण त्याला कुठली कामं करता येतात ते मागच्या बाजूला छापलेलं असतं. मी सांधेवाल्याची कथा सांगू लागलो. त्याने माझ्याकडे तसं बघितलं, जसं डॉक्टर गुगल वाचून आलेल्या पेशंटकडे बघतात. मग नळ सोडला, बॉयलरखालच्या नळ्या एकेक करून चाचपल्या, रेडिएटरची नळी हाताला चटका देऊ लागल्यावर दातांतून लांबलचक हवा आत ओढली. इथले कारागीर हा आवाज काढतात तेव्हा आपण खिसा चाचपायचा असतो.

"डायव्हर्टर व्हॉल्व्ह," तो म्हणाला. आईने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि त्याच्यासमोर चकल्यांची बशी सरकवली.

पार्ट व्हॅनमध्ये नव्हता. तो दुसऱ्या दिवशी आला, नव्या व्हॉल्व्हसकट, आणि माझा अंदाज आहे चकल्यांसाठीही. जुना निघाला तर त्यावर चुन्याचं पांढरं पुटच होतं. लंडनच्या या भागातलं पाणी खडूच्या डोंगरांतून येतं. आमच्या किटलीच्या बुडाशी दिसतं तेच आत बसलेलं. पट्ट्यांचा उष्णता-बदलक, म्हणजे नळाचं पाणी ज्यात तापतं तो भाग, अजून चालतोय, पण तोही याच पाण्यावर जगतोय, असं तो जाता जाता सांगून गेला.

नळाला वाफाळतं पाणी आलं. नातवाने नरकातून सुटका झाल्याच्या आनंदात दुपारीच आंघोळ केली. आईने मात्र मला आधी त्या इंजिनिअर पोराच्या मागे पिटाळलं, जुना पार्ट मागून घ्यायला. कारागीर जुना पार्ट घेऊन गेला तर तो दुसऱ्याच्या घरी बसवतो, हा तिचा कराडचा अनुभव. त्याने खांदे उडवत तो दिला. आईने तो पुसून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पॅसेजमधल्या थंड रेडिएटरवरचा ओला परकर चाचपून बघत म्हणाली, "ठेव नीट. कपडे वाळेनात तर परत बसवून घेऊ."