खाणीतल्या नोकऱ्या सोलारने खाल्ल्या? जरा साल बघा

सोलापूरजवळच्या फताटेवाडीत एनटीपीसीचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे, त्याचा फोटो लावलेला एक मजकूर सध्या सोलापुरात ग्रुपमागून ग्रुप फिरतोय. त्यात तीन दावे आहेत: केंद्राच्या सोलार धोरणाने कोळसा खाणींतल्या लाखो नोकऱ्या घालवल्या, सोलार थांबवलं की त्या परत येतील, आणि आता पाळी फताटेवाडीची.

पहिला दावा सालातच अडकतो. ऐंशीच्या दशकात कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीत साडेसहा लाखांहून जास्त माणसं होती. मार्च २०१० मध्ये ती चार लाखांच्या आत आली. केंद्राचं सोलार धोरण, म्हणजे राष्ट्रीय सौर मिशन, सुरू झालं तेच जानेवारी २०१० मध्ये! पॅनल बसायच्या आधीच अडीच लाख नोकऱ्या गेल्या होत्या. आज उरलेत सव्वादोन लाखांच्या आसपास. आणि कोळसा? १९७५ मध्ये कंपनी काढली तेव्हा वर्षाला सुमारे ८ कोटी टन, २०२४-२५ मध्ये ७८ कोटी टन. माल दसपट, माणसं एक तृतीयांश.

मग नोकऱ्या गेल्या कुठे? आपल्याच विदर्भात, वणी-घुग्घुसकडच्या वेकोलिच्या (कोल इंडियाची उपकंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स) पट्ट्यात बघा. अंडरग्राउंड खाणीत सुरुंगाची भोकं पाडायला, छताला टेकू द्यायला, टब म्हणजे कोळशाच्या छोट्या गाड्या भरायला माणसं लागायची. ओपनकास्टमध्ये, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या खाणीत, वरची माती-दगड, म्हणजे तिथल्या भाषेत ओबी, शॉवेल हे खोदाईयंत्र उचलतं आणि डंपर वाहून नेतो. कोल इंडियाचा नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा आता असाच निघतो. त्यात ओबीचं बरंचसं काम ठेकेदाराकडे, म्हणजे डंपरवरचा ड्रायव्हर कंपनीच्या हजेरीपटावर नसतोच. रिटायर झालेल्यांच्या बहुतेक जागा भरल्याच जात नाहीत. एमआयडीसीत साध्या मागाच्या जागी रेपियर हा वेगवान माग आला की टॉवेल तेवढेच निघतात आणि माणसं कमी लागतात, ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

त्यामुळे सोलार थांबवलं तरी वाढीव कोळसा ओपनकास्टमधूनच येणार. तोट्यात म्हणून बंद केलेल्या भुयारी खाणी त्यासाठी कोण उघडतंय?

मजकूर लिहिणाऱ्याची एक चिंता मात्र रास्त आहे. सोलार ही खाणीच्या नोकरीची भरपाई नाही. पॅनल बसवताना माणसं लागतात, नंतर धुण्यापुसण्याला आणि देखरेखीला मोजकीच. शिवाय मोठे सोलार पार्क राजस्थान-गुजरातेत, खाणी झारखंड-छत्तीसगडात. धनबादच्या माणसाने जायचं कुठे, याचा जाब सरकारला जरूर विचारा.

राहिली फताटेवाडी. १३२० मेगावॅटचा हा प्रकल्प. दुसरा संच २०१९ मध्ये सुरू झाला, म्हणजे अजून कोवळाच. केंद्रीय वीज प्राधिकरणाने तर २०२३ मध्ये सांगून ठेवलंय की २०३० पर्यंत औष्णिक संच मोडीत काढू नका. दुपारी सोलारची वीज आली की अशा संचांना भार कमी करावा लागतो, हे खरं. पण इथला कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येतो, ते भाडं दरात चढतं, आणि महागडी वीज सगळ्यात शेवटी घेतली जाते, हेही तितकंच खरं. इथल्या कामगारांची काळजी असेल, तर कायम किती आणि ठेक्यावर किती हे आधी विचारायला हवं. मजकुरात तो आकडाच नाही.