फ्रीझरचं दार उघडं राहिलं हे सांगायला काय झालं होतं?

चार किलो. शेंगा नव्हेत, सोललेले दाणे. चार किलो बटला, म्हणजे तुमचा मटार, आज सकाळी ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेला आणि माझं डोकं अजून भणभणतंय.

पुण्याहून धाकटा भाऊ बायको-मुलासह आलाय सुट्टीला. या, राहा, आंबे खा, घर तुमचंच आहे. शनिवारी रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीतून परतताना त्याच्या पोराने आइस्क्रीमचा मोठा डबा आणला आणि फ्रीझरमध्ये कोंबला. जागा नव्हती, म्हणून माझ्या बटल्याच्या पाकिटांवर आडवा दाबून बसवला आणि दार लोटून झोपायला गेला. दार लागलंच नाही. मे महिना, इंदूरचा उकाडा आणि फ्रीझर रात्रभर उघडा.

एवढंच झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. पोर आहे, चुकलं. पण सकाळी सगळ्यांच्या आधी भावजय उठली. तिला फ्रिजखाली पाणी दिसलं. तिने ते पुसलं. आइस्क्रीमचं दूध झालेलं पाहिलं आणि डबा बाहेर फेकला. मग दार नीट लावून चहा ठेवला. आइस्क्रीम वितळलं हे कळलं, आणि त्याच्या खालची पाकिटं वितळली असतील हे नाही कळलं? आणि कळलं असेल तर चार दिवस तोंडातून एक शब्द का नाही निघाला?

आज बुधवार. उसळीसाठी पाकीट काढलं, तर हातात वीट. माझा बटला कधी गोळा होत नाही. प्रत्येक दाणा सुटा असतो, हलवलं की पाकीट खुळखुळतं. दुसरं काढलं, तिसरं काढलं, सगळ्या विटा. आतून पाणी सुटून पुन्हा गोठलेलं. किती तास मऊ पडून होता, किती गरम झाला, कोण सांगणार? असला बटला ब्याऐंशी वर्षांच्या आईच्या ताटात मी वाढणार नाही.

त्या सकाळी मला हाक मारली असती तर? दाण्यांवर बर्फ शिल्लक असता तर तसाच पुन्हा गोठवला असता. चव थोडी उतरली असती, पण खायच्या लायकीचा राहिला असता. नुसता थंडगार उरला असता तरी तेव्हाच कढई चढवली असती, उसळ केली असती, कचोरीचं सारण केलं असतं, शेजारी दोन डबे पाठवले असते. एक हाक. तेवढीही नाही.

आणि भाऊ म्हणतो काय? "दादा, त्यात काय एवढं! फ्रोजन मटार मिळतात की दुकानात. संध्याकाळी आणून टाकतो चार पाकिटं."

टाक आणून! जानेवारीत पहाटे चोइथराम मंडीत जाऊन दहा किलो शेंगा मी आणल्या. शेंग तोडली की दाण्यातली साखर पिठूळ व्हायला लागते, म्हणून बटला पडून राहू द्यायचा नाही. रामबागेतल्या आमच्या ओसरीत उन्हाला बसून आईने त्या सोलल्या. तिला आता नीट दिसत नाही. बोटाने चाचपून शेंग उघडते आणि किडका दाणा अंगठ्याखाली बरोबर ओळखते. तिचं नख आठ दिवस हिरवंकाळं होतं. तिने सोललं की लगेच मी पातेलं चढवायचो. खळखळत्या पाण्यात दाण्यांची पुरचुंडी दीड मिनिट, घड्याळ लावून. कारण दाण्यातली एन्झाइमं फ्रीझरमध्येही मरत नाहीत, हळूहळू रंग आणि चव खातच राहतात. त्यांना उकळत्या पाण्यानेच मारावं लागतं, आणि अर्धवट बुडवलं तर ती उलट जास्त चेकाळतात. लगेच बर्फाच्या पाण्यात, तेवढाच वेळ. मग पंच्यावर कोरडे करायचे, ताटात एक थर पसरून गोठवायचे, मग पाकिटात भरून हवा दाबून काढायची आणि वर तारीख लिहायची. उणे १८ अंशांत असा बटला ८ महिने तरी उत्तम राहतो. गणपतीत आईच्या हातचा मसालेभात याच बटल्याचा होतो. कुठल्या दुकानात मिळतं हे?

तरी वरून मला शिकवतो, "बटला काय म्हणतोस, मटार म्हण." याच ओसरीत बटले खाऊन मोठा झाला हा.

याच घरात फ्रीझर म्हणजे अडगळीची खोली समजतात, हे काही आजचं नाही. मागच्या दिवाळीत बहिणीने गरम आमटीचं पातेलं आत ठेवलं होतं, सगळ्या पाकिटांवर बर्फाची साय चढली. प्लास्टिकची पन्नी उघडी टाकायची, मग दाणे वाळून पांढरे पडायचे आणि "तुझा बटला चिवट असतो" हे मलाच ऐकवायचं. मेथी धुऊन तशीच ओली पन्नीत कोंबायची, दोन दिवसांत चिखल. कांदे-बटाटे एका टोपलीत, किती वर्षं ओरडतोय मी? बटाट्याला कोंब, कांद्याला सड. टमाटर फ्रिजमध्ये टाकून बेचव करायचे. काकडीशेजारी पिकलेली केळी ठेवायची, मग काकडी पिवळी पडली की ठेलेवाल्याला शिव्या. आणि ठेलेवालेही कमी नाहीत, कोथिंबिरीवर सकाळपासून इतकं पाणी मारतात की घरी आणून कापडात गुंडाळेपर्यंत मधली पानं काळी. त्यात मोबाइलवरचे व्हिडिओ, कच्चे दाणे साखर लावून फ्रीझरला टाका म्हणे, वर्षभर राहतात! भावजयीने तो मला पाठवलाही होता, आल्याच्या दुसऱ्या दिवशी.

सकाळी कचरागाडी आली. डबा मीच रिकामा केला. या शहरात ओला कचरा वाया जात नाही, देवगुराडियाच्या प्लँटमध्ये रोज ५५० टनांपर्यंत कचऱ्याचा गॅस करायची सोय आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तो प्लँट भाजीच्या देठांसाठी आहे, सालींसाठी आहे. माझ्या आईने आंधळ्या बोटांनी सोललेल्या दाण्यांसाठी नाही.

तिला अजून माहीत नाही. काल रात्री म्हणाली, बुधवारी बटल्याची उसळ कर, धाकट्याला आवडते. आता ती पानावर बसेल आणि विचारेल. मी सांगणार नाही. धाकट्या, तू सांग. तिच्या अंगठ्याकडे बघ आणि तुझ्या तोंडाने सांग, त्यात काय एवढं.