ब्लॉक म्हणजे मुस्कटदाबी नव्हे

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुणाला ब्लॉक करणं म्हणजे त्याच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घाला. नको असेल तर म्यूट करा, काम तेच होतं. ब्लॉक करतात ते भित्रे. आणि अमेरिकेच्या कोर्टानेही ब्लॉक करणं बेकायदा ठरवलंय.

आधी तो ‘घाला’. राज्यघटनेचं कलम १९ बोलण्याचा हक्क देतं. ऐकायला मी बसलंच पाहिजे, असं त्यात नाही. मी ब्लॉक केलेला माणूस स्वतःच्या खात्यावर माझ्याविरुद्ध रोज लिहू शकतो आणि त्याचे वाचक ते वाचतात. मुस्कटदाबी कशी असते, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका तरुणीला, आणि ते लाइक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. पुढे २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघींवर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलमच रद्द केलं. तिथे पोलीस होते, अटक होती, जामीन होता. इथे एका बाईने आपल्या फोनवर एक बटण दाबलंय. दोन्हींना एकच शब्द लावला, की त्या दोघींनी जे सोसलं ते स्वस्त होतं. मला संताप येतो तो याचा.

‘म्यूटने काम तेच होतं’ हे तर मी स्वतः करून बघितलंय. एक माणूस माझ्या प्रत्येक पोस्टखाली येऊन घाण लिहायचा. शहाणपणाचा सल्ला ऐकून मी त्याला म्यूट केलं. सूचना येणं थांबलं, मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी रात्री भाचीचा फोन: “आत्या, तो माणूस तुझ्या पोस्टखाली आशूच्या शाळेचं नाव लिहितोय. तू वाचलंस का?” मी वाचलं नव्हतं. माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी वाचलं होतं. म्यूटने फक्त माझे डोळे झाकले होते, त्याचा हात मोकळाच होता. त्या रात्री मी त्याला ब्लॉक केलं.

डिसेंबर २०१३ मध्ये ट्विटरनेही ब्लॉकचं जवळपास म्यूट करून टाकलं होतं. ब्लॉक केलेला माणूस तुम्हाला फॉलो करू शकणार, तुमचं वाचू शकणार, फक्त त्याचं लिहिणं तुम्हाला दिसणार नाही. लोक इतके भडकले की काही तासांत ते मागे घ्यावं लागलं. म्यूटची वेगळी सोय आली ती २०१४ मध्ये. कंटाळवाण्या मेहुण्याला म्यूट पुरतं, पाठलाग करणाऱ्याला नाही.

भित्रेपणाबद्दल फार लिहीत नाही. दारात उभं राहून शिव्या देणाऱ्याला कुणी घरात घेत नाही आणि त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही.

कोर्टाची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, म्हणून ती पुरी सांगायला हवी. डोनाल्ड ट्रम्प पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष असताना टीकाकारांना ट्विटरवर ब्लॉक करत. २०१८ मध्ये आणि अपिलात २०१९ मध्ये न्यायालयांनी ते घटनाविरोधी ठरवलं. २०२१ मध्ये, ते पदावरून गेल्यावर, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल निरस्त केला. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने मिशिगनमधल्या एका शहराच्या प्रशासकाच्या प्रकरणात कसोटी घालून दिली: त्या माणसाला सरकारच्या वतीने बोलायचा अधिकार होता का, आणि त्या पोस्टमध्ये तो हा अधिकार वापरत होता का? प्रश्न सत्तेच्या खात्याचा आहे. पाणी आलं नाही म्हणून लिहिणाऱ्या नागरिकाला महापालिकेच्या खात्यावरून कुणी ब्लॉक केलं, तर त्याच्या बाजूने मीही भांडेन.

माझं खातं महापालिकेचं नाही. तो माणूस अजूनही माझ्यावर लिहितो, असं भाची सांगते. लिहू दे. माझ्या पोस्टखाली, आशूच्या फोटोखाली, त्याला जागा नाही.