‘जेनेरिक’ या शब्दाचे कूळ

मागच्या महिन्यात आईसोबत घराजवळच्या मेडिकलमध्ये तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो होतो. नेहमीची गोळी संपली होती, म्हणून काउंटरवरच्या मुलाने दुसरी स्ट्रिप पुढे केली आणि तो म्हणाला, “काकू, हे जेनेरिक आहे, चालेल का? नाहीतर संध्याकाळपर्यंत कंपनीचं मागवून देतो.” स्ट्रिप घ्यायला पुढे केलेला हात आईने मागे घेतला. “नको रे बाबा, कंपनीचंच दे,” ती म्हणाली. कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने विकली जाणारी गोळी म्हणजे जेनेरिक, असा त्या दुकानातला अर्थ. मी दोन्ही घेतल्या, आणि त्या रात्री जेवणाच्या टेबलावर त्या शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली वाचून पाहिल्या. दोन्हींवर ‘ॲम्लोडिपिन टॅब्लेट्स आयपी, ५ मिग्रॅ’ अशीच अक्षरे होती, दोन्हींवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली होती. आयपी म्हणजे भारतीय औषधकोशातील मानकानुसार. एका स्ट्रिपवर कंपनीने दिलेले नाव जास्तीचे होते आणि किंमत दुपटीहून अधिक होती. ‘कंपनीचे’ आणि ‘जेनेरिक’ हा भेद त्या दुकानात ज्या सहजपणे केला गेला, तो त्या स्ट्रिपांवर मला कुठेही सापडला नाही.

अनुवाद हे माझे रोजचे काम असल्यामुळे एखाद्या शब्दाने असा हात मागे घ्यायला लावला की तो शब्द मला स्वस्थ बसू देत नाही. ‘जेनेरिक’ हा इंग्रजीत सतराव्या शतकात रुळलेला, फ्रेंचच्या वाटेने आलेला शब्द आहे, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘जेनुस’ हा शब्द आहे, ज्याचा अर्थ जन्म, वंश, कूळ आणि त्यावरून प्रकार किंवा वर्ग असा होतो. हे मूळ आपल्याला परके नाही. संस्कृतातला ‘जन्’ हा धातू आणि लॅटिनमधला ‘जेनुस’ एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. जन्म, जनक, जन आणि जाती हे सगळे शब्द ‘जेनेरिक’चे भाऊबंदच म्हणायचे. इंग्रजीतले ‘जनरल’ आणि ‘जेंडर’ हे त्याच घरातले. दातृत्वासाठी वापरला जाणारा ‘जेनरस’ हा शब्दही तिथलाच, आणि त्याचा लॅटिनमधला पहिला अर्थ होता चांगल्या कुळात जन्मलेला. म्हणजे ज्या मुळातून ‘कुलीन’ असा अर्थ निघाला, त्याच मुळातून आज आपण ‘दुय्यम’ असा अर्थ काढतो आहोत, आणि माझी तक्रार नेमकी या घसरणीबद्दल आहे.

मुळात हा शब्द विचार करणाऱ्यांचा होता. एखाद्या वस्तूची व्याख्या करताना ती आधी कोणत्या वर्गात मोडते हे सांगायचे आणि मग त्या वर्गातील इतरांपासून ती वेगळी कशी हे सांगायचे, ही रीत ॲरिस्टॉटलपासून युरोपात चालत आली. आपल्याकडे वैशेषिक या दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी याच प्रश्नावर ‘सामान्य’ नावाचा स्वतंत्र पदार्थच, म्हणजे अस्तित्वाचा एक मूलभूत प्रकारच, मानला. हजारो गाई वेगवेगळ्या असल्या तरी प्रत्येकीत जे एकच ‘गोत्व’ आहे ते सामान्य. आजच्या मराठीत मात्र ‘सामान्य’ म्हणजे बेताचा, ज्यात विशेष काही नाही असा. ‘सामान्य विद्यार्थी’, ‘सामान्य दर्जा’ असे आपण म्हणतो तेव्हा सर्वांना जोडणारे तत्त्व हा अर्थ पार पुसला गेलेला असतो. इंग्रजीत ‘जेनेरिक’चे जे झाले, ते मराठीत ‘सामान्य’चे त्याआधीच झाले आहे. ‘जात’ या शब्दाचे काय झाले ते तर आपण रोज पाहतो, आणि ते लिहिताना आजही हात जड होतो.

व्याकरणात मात्र या शब्दाचा मूळ अर्थ शाबूत आहे. “यंदा हापूस उशिरा आला” असे कोकणातला बागायतदार म्हणतो तेव्हा तो एका फळाबद्दल बोलत नसतो. एकवचनात अख्खी जात बोलत असते. पाणिनीने या गोष्टीसाठी खास सूत्र केले आहे: जातीचा निर्देश करायचा असेल तर एकवचनाच्या जागी विकल्पाने बहुवचनही चालते. सूत्रांचे भाष्यकार त्याला उदाहरण देतात ते शेतातल्या जवाचे. ‘जव चांगला आला’ म्हणा किंवा ‘जव चांगले आले’ म्हणा, अर्थ एकच.

जीवशास्त्रात तर ‘जेनेरिक’ नाव हे मानाचे नाव आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये वनस्पतींना द्विनामाची पद्धत लावली, तेव्हा आंब्याला ‘मँगिफेरा इंडिका’ हे नाव मिळाले. त्यातले पहिले, ‘मँगिफेरा’, हे जेनेरिक नाव, म्हणजे प्रजातीचे (‘जेनुस’चे) नाव. रोमन लिपीत त्याचेच पहिले अक्षर मोठे लिहितात. कूळ आधी आणि व्यक्ती नंतर, असा तो क्रम आहे.

औषधांच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये औषधांना आंतरराष्ट्रीय, कोणाच्याही मालकीची नसलेली नावे देण्याची व्यवस्था ठरवली आणि १९५३ मध्ये अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. या नावांना बहुधा आडनाव असते. आईच्या गोळीतले ‘डिपिन’ हे आडनाव आहे; निफेडिपिन, फेलोडिपिन ही त्याच घरातली भावंडे. ‘ओलॉल’वर संपणारी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही दुसऱ्या घरातली, ‘स्टॅटिन’वर संपणारी कोलेस्टेरॉल कमी करणारी तिसऱ्या घरातली. म्हणजे ज्या नावाला आपण बिननावाचे समजतो, तेच नाव औषध काय आहे आणि कोणत्या घराण्यातले आहे हे सांगते. ब्रँडचे नाव मात्र फक्त विकणारा कोण हे सांगते.

मग हा शब्द घसरला कुठे? १९७६ मध्ये फ्रान्समध्ये कार्फूर या दुकानसाखळीने आणि पुढच्याच वर्षी शिकागोत ज्युएल या दुसऱ्या साखळीने ब्रँड नसलेला, साध्या वेष्टनातला माल विकायला काढला. अमेरिकेत लवकरच पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांत फक्त वस्तूचे नाव, अशा मालाची रांगच दुकानांत दिसू लागली. स्वस्त, चेहरा नसलेले, वेगळेपण नसलेले, हा अर्थ इंग्रजीत घट्ट व्हायला त्या रांगांनी हातभार लावला असे मला वाटते. कायद्यात तर या शब्दाची कंपन्यांनाच धास्ती असते. लोक एखादे व्यापारी नाव त्या जातीच्या सगळ्याच वस्तूंसाठी वापरू लागले की नावावरचा हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत १९२१ मध्ये ‘ॲस्पिरिन’चे असेच झाले. आपणही कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा आणि कोणत्याही छायाप्रतीला झेरॉक्स म्हणत आलो आहोत.

आपल्या देशात जेनेरिक औषधांचा इतिहास अभिमानाचा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर तो बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट दिले. त्यामुळे निराळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवणे भारतीय कंपन्यांना शक्य झाले, आणि २००५ पर्यंत ही स्थिती टिकली. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. तोवर हाच उपचार दहा हजार डॉलरांच्या वर होता. आफ्रिकेत एचआयव्ही झालेली जी माणसे त्यानंतर जगली, त्यांतली बहुतेक जेनेरिक औषधांवर जगली.

गुणवत्तेची शंका निराधार आहे असे मी म्हणत नाही. निकृष्ट औषधे बाजारात सापडतात, त्यांवर कारवाईही होते, आणि तपासणी अधिक कडक असायला हवी. पण ती शंका उत्पादकाबद्दल आणि तपासणीबद्दल घ्यायची असते, शब्दाबद्दल नव्हे. दुकानातल्या फडताळावरच्या ‘कंपनीच्या’ बहुतेक गोळ्याही पेटंट संपलेल्या औषधांच्याच, म्हणजे जेनेरिकच असतात. फक्त त्यांना ब्रँडचे नाव दिलेले असते. म्हणून ‘हे जेनेरिक आहे’ असे आवाज खाली आणून सांगणे मला फार लागते. त्याऐवजी ‘औषध तेच आहे, बनवणारे वेगळे आहेत’ एवढेच सांगितले तर आईसारख्या माणसाला विचार करता येईल आणि हवे तर डॉक्टरांनाही विचारता येईल.

जेनेरिक औषधे विकणाऱ्या, सरकारी योजनेतल्या दुकानांना ‘जन औषधी’ हे नाव देणाऱ्याने व्युत्पत्ती पाहिली होती की नाही, कोण जाणे. पण ‘जन’ आणि ‘जेनेरिक’ एकाच धातूचे आहेत, आणि यापेक्षा नेमके मराठी नाव मला अजून सुचलेले नाही.

त्या रात्री दोन्ही स्ट्रिपा आईपुढे ठेवल्या तेव्हा तिने चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत वाचले. मग डॉक्टरांना फोन केला, त्यांनी हरकत नाही म्हटले. गोळ्यांच्या डब्यावर अनेक वर्षे ब्रँडचे नाव लिहिलेली चिकटपट्टी होती. ती नखाने खरवडून काढून तिने त्या जागी बॉलपेनने नवीन नाव लिहिले: ‘ॲम्लोडिपिन ५, सकाळी.’