बर्था बेंझ ‘फिरायला’ गेली नव्हती

आठवीतल्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेचं भाषण काल वाचायला पाठवलं. पहिलंच वाक्य: ‘१९०८ साली हेन्री फोर्डने जगातली पहिली मोटार बनवली.’ कुठून घेतलंस, विचारलं तर म्हणाली, "मावशी, आपल्याच ग्रुपवर आलंय की." मग काकांनी टाकलेला तो मेसेज उघडला.

पहिली मोटार फोर्डची? साफ खोटं. जर्मनीत मानहाइमच्या कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी इंजिनावर चालणाऱ्या तीनचाकीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट क्रमांक ३७४३५. युनेस्कोने २०११ मध्ये हा दस्तऐवज ‘जगाची स्मृती’ नोंदवहीत घेतला. फोर्डची स्वतःची पहिली गाडी आली १८९६ मध्ये. १९०८ हे मॉडेल टी या त्याच्या गाजलेल्या गाडीचं साल.

‘मॉडेल टी फक्त काळीच’ हेही चूक. सुरुवातीला ती हिरवी, लाल, करडीही मिळे.

पण डोकं फिरलं ते या ओळीने: ‘बेंझची हौशी बायको नवऱ्याची गाडी चोरून माहेरी फिरायला गेली.’ नवऱ्याची गाडी? लग्नाआधीच बर्थाने माहेरच्या पैशातून कार्लच्या भागीदाराचा हिस्सा सोडवला, म्हणून कारखाना टिकला. ऑगस्ट १८८८ मध्ये ती दोन मुलांना घेऊन फोर्झहाइमला निघाली, शंभर किलोमीटरहून जास्त. कार्लला न सांगता गेली, एवढं खरं. वाटेत वीसलोखला औषधांच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखा द्रव, घेऊन तिने इंधनाची सोय केली. तुंबलेली नळी हॅटच्या पिनने साफ केली, उघड्या वायरीला मोज्याचा पट्टा गुंडाळला, झिजलेल्या लाकडी ब्रेकवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. या अनुभवावरूनच कार्लने पुढे चढासाठी आणखी एक गिअर बसवला. गाडी लांबच्या रस्त्यावर टिकते का, हे त्या दिवशी तिने तपासलं. याला फिरणं म्हणायचं?

राहिली असेम्ब्ली लाइन; मेसेजात तीही फोर्डचाच शोध. सुटे भाग ठरावीक क्रमाने जोडत गाड्या काढणं रॅन्सम ओल्ड्सने आधीच सुरू केलं होतं. पण सरकती लाइन फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये आली, आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर उतरला, हे मान्य करावंच लागेल. गाडी स्वस्त त्याने केली. गाडीचा शोध त्याचा नव्हे.

भाचीचं भाषण आता वीसलोखच्या औषधांच्या दुकानातून सुरू होतं. आणि काका, तो मेसेज ग्रुपवरून आजच काढा.