एमबीबीएस सोडून बोलू जरा

धाराशिवला 2022 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, परभणीला 2023 मध्ये, जालना आणि हिंगोलीला 2024 मध्ये. संभाजीनगरचं सरकारी कॉलेज म्हणजे घाटी 1956 ची, अंबाजोगाई 1974 ची, नांदेड 1988 आणि लातूर 2002 चं. बीड जिल्ह्याचं अंबाजोगाईत धरलं तर मराठवाड्याचे आठही जिल्हे झाले. 70:30 चा कोटा (70 टक्के सीटा त्याच विभागातल्या पोरांना, 30 टक्के बाकी राज्याला) 2020 ला गेला, त्यासाठी इथल्या पालकांनी किती आरडाओरड केली ते आठवा. आनंद आहेच.

पण कॉलेज आलं की आपल्याकडं प्रश्न एकच: सीटा किती? नव्या कॉलेजात शंभर. त्या शंभरात नाव नाही आलं की लेकराला परत लातूरला नीटच्या रिपीटला धाडायचं, नाहीतर ‘टाकून दे बीएस्सीला’. मधलं काही कुणाला दिसतच नाही.

मी लॅबवाला माणूस, म्हणून मला मधलंच दिसतं. सीबीसीला, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीला, जांभळ्या टोपणाची ट्यूब लागते. रक्त घेतलं की लगेच ती आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करायची. घाईत राहिलं तर आत बारीक गुठळी होते, मशीन प्लेटलेट कमी दाखवतं, आणि डेंग्यूच्या दिवसांत नातेवाईक चांगल्या पेशंटला गाडीत घालून संभाजीनगरला पळवतात. डॉक्टर कितीही हुशार असू द्या, तो कागदावरचा आकडाच वाचणार. डायलिसिसचंही तेच. मशीनची फीत कापायला ही गर्दी! आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास पेशंटपाशी थांबणारं शिकलेलं माणूस कोण, हे त्या गर्दीतलं कुणी विचारत नाही.

ही माणसं घडवणारे कोर्स आपल्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आहेत. बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, आहे: तीन वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप. त्यात लॅब, रेडिओग्राफी, ऑपरेशन थिएटर असे विषय निवडता येतात. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी असते. तिचे फॉर्म ऐन बारावीच्या धामधुमीत निघतात, म्हणून जिंतूर-सेनगावकडच्या पोरींना कळेपर्यंत तारीख गेलेली असते. सूचना निघते, नाही असं नाही. इंग्रजीतली पीडीएफ, सीईटी सेलच्या वेबसाइटवर. नाहीतर कॉलेजच्या काचेच्या फळ्यावर, मागच्या वर्षीच्या टेंडरखाली अर्धी झाकलेली.

पगाराचं गोड बोलणार नाही. खाजगी लॅबमध्ये सुरुवातीला फार कमी देतात आणि सरकारी जागा बऱ्याचदा कंत्राटी निघतात. तरी हातात काम असलेलं लेकरू घरी बसत नाही, हे मी रोज बघायलोय. फक्त दोन खोल्यांत ‘हमखास नोकरी’चा बोर्ड लावून बसलेल्यांपासून जपा. फी भरायच्या आधी कोर्स कुठल्या विद्यापीठाशी किंवा मंडळाशी संलग्न आहे ते लेखी मागा. 2021 च्या केंद्राच्या कायद्यानं टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट अशांच्या नोंदणीसाठी आयोग आणलाय, तेव्हा विनामान्यतेचा कागद पुढं आणखी अडचणीत आणणार.

माझं म्हणणं एवढंच, की नव्या चारही कॉलेजांनी एमबीबीएसच्या शंभर पोरांसोबत हे कोर्सही जिथं नाहीत तिथं लवकर सुरू करावेत. आणि डिसेंबरातच आपला एक माणूस तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजांत पाठवून मराठीत सगळं समजावून सांगावं. त्याला निधी लागत नाही, जीपमध्ये डिझेल लागतं.

तोवर परभणी-हिंगोली भागातल्या कुणा सरांना मला वर्गावर बोलवायचं असेल तर कमेंटमध्ये गाव टाका. रविवार सोडून दुसरा दिवस सांगू नका, ड्युटी असते. ट्यूबा मी घेऊन येतो.